काचेचा डोळा

गिरगावातल्या माझ्या आत्याच्या चाळीला एके दिवशी कोणीतरी काचेचा डोळा बसवून गेले. हे तिचे शब्द. दुपारी तिने मला कॉलेजात फोन केला तो याच तक्रारीसाठी.

"अरे, माझ्या खिडकीशेजारी भिंतीला भोक पाडून लिंबाएवढा काचेचा डोळा ठोकलाय. मी खडसावून विचारलं, कोण रे तू, कुठे शिकलास? तर म्हणतो, मी तुमच्या भाच्याचा विद्यार्थी!"

माझा विद्यार्थी असणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु विज्ञान शाखेची मुले मराठीच्या तासाला जे शिकतात त्याचा पुढे कोणाच्या भिंतीशी संबंध येईल, असे मला वीस वर्षांत कधी वाटले नव्हते. नाव ऐकताच मुलगा मात्र लगेच आठवला. 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर त्याने मला चार ओळींचा निबंध लिहून दिला होता. पाऊस सकाळी सात वाजता सुरू झाला. आमचा पत्रा पाच ठिकाणी गळतो. आईने पाच भांडी ठेवली. त्यांतले दाराजवळचे सर्वांत आधी भरले. संपला निबंध! मी त्याला दहापैकी तीन गुण दिले होते आणि खाली तांबड्या शाईने शेरा मारला होता : 'कल्पनाविलास नाही.'

ही हकीकत २०१९च्या सुमाराची. तेव्हा मुंबईच्या पोटात भुयारी मेट्रोचे काम चालू होते. कुलाबा ते सीप्झ हा ३३.५ किलोमीटरांचा मार्ग. त्यावर २७ स्थानके, आणि त्यांतले एकच काय ते जमिनीवर. बोगदे पोखरायला १७ यंत्रे उतरवली होती. त्यांना वैतरणा, सूर्या, कृष्णा, गोदावरी, तापी अशी आपल्या नद्यांची नावे दिलेली होती. (ज्याने ही नावे सुचवली त्याला मी दहापैकी आठ दिले असते.) काळबादेवी-गिरगाव हा भाग सर्वांत अवघड. वर शंभर शंभर वर्षांच्या इमारती, खाली कुठे कातळ तर कुठे भुसभुशीत माती, आणि गल्ल्या अशा की समोरच्या बिऱ्हाडातली फोडणी आपल्या घरात शिंकायला लावते. स्थानकांसाठी काही इमारती पाडाव्या लागल्या होत्या, कुटुंबे हलवली गेली होती. त्यामुळे ज्या चाळी उभ्या होत्या त्यांच्याही पोटात गोळा आला होता.

आमचा विद्यार्थी स्थापत्याची पदवी घेऊन एका कंत्राटदाराकडे लागला होता, आणि वरच्या इमारतींवर नजर ठेवणाऱ्या पथकात सर्वांत धाकटा होता. आत्याचा 'डोळा' म्हणजे एक लोलक. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक दुर्बिणीसारखे यंत्र बसवलेले असे. ते दिवसरात्र आपले आपण मान वळवीत एकेका लोलकावर किरण टाकी. किरण परत आला की कोन आणि अंतर मिळून तो लोलक, म्हणजेच ती भिंत, मिलिमीटरभर जरी हलली तरी कळे. शिवाय भेगांवर चिकटवलेल्या मापपट्ट्या, भिंत कलते का ते सांगणारी पेटी, जमिनीत रोवलेले खिळे, भूजलाची पातळी पाहणाऱ्या नळ्या. चाळीला जणू अतिदक्षता विभागात ठेवले होते!

एवढी दक्षता का, हे समजायला खाली काय चालते ते थोडे पाहिले पाहिजे. जहाजाचे लाकूड पोखरणाऱ्या किड्याकडे पाहून मार्क ब्रुनेलला बोगद्याच्या ढालीची कल्पना सुचली असे सांगतात. १८१८मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले, आणि १८२५ ते १८४३ अशी अठरा वर्षे खपून थेम्स नदीखालून बोगदा काढला. त्याच्या ढालीत छत्तीस खण होते, आणि खणागणिक एक माणूस हाताने माती उकरी. आजचे यंत्र त्याच किड्याचा वंशज. पुढे फिरते चाक माती-दगड कुरतडते, मागे काँक्रीटचे घडीव तुकडे जुळवून कडे बसवले जाते, आणि त्या कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे सरकते. मेट्रोच्या बोगद्याचा आतला व्यास सुमारे ५.८ मीटर. परंतु खोदलेले भोक कड्यापेक्षा थोडे मोठे असणारच. कड्याच्या पाठीमागे जी पोकळी राहते, तीत सिमेंटचा पातळ गिलावा दाबाने भरतात. तो कमी पडला, उशिरा पडला, किंवा चाकापुढच्या मातीला पुरेसा उलट दाब दिला गेला नाही, तर वरची माती हळूच खाली बसते. आणि मातीबरोबर मातीवरचे घर.

हे सगळे चाळीला समजावून सांगायला वरिष्ठांनी आमच्या विद्यार्थ्याला पाठवले. कारण एकच, त्याला मराठी येत होते! रविवारी सकाळी चौकात सभा झाली. आत्याच्या आग्रहाखातर मीही गेलो. त्याने आलेख दाखवले, इंग्रजी-मराठीचा काला केला, आणि लोक चुळबुळू लागलेले पाहून शेवटी घाईघाईने म्हणाला, "तुम्ही निर्धास्त राहा. काही होणार नाही."

आत्या पहिल्या रांगेत होती. बसल्या जागेवरूनच तिने विचारले, "काही होणार नाही, तर मग हा डोळा कशाला?"

सभा तिथेच संपली. कोणी म्हणाले काम बंद पाडू, कोणी म्हणाले वकील गाठू. मुलगा आलेखाची गुंडाळी करीत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. वर्गात मी निबंध परत केला तेव्हाही ते असेच झाले होते, हे मला नको त्या वेळी आठवले.

संध्याकाळी तो माझ्या घरी आला. हातात चार पानांचे निवेदन होते. "सर, हे शुद्ध मराठीत करून द्याल?" मी उत्साहाने बसलो. 'भूपृष्ठाचे संभाव्य अवसादन' वगैरे शब्द योजले, एके ठिकाणी प्रगतीच्या रथाचे चाकही आणले. दुसऱ्या दिवशी आत्याला वाचून दाखवले. चष्मा पुसत तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "छान आहे. पण यात माझं घर कुठे आहे?"

त्या आठवड्यात तो दोनतीनदा आला. दुसऱ्या वेळी त्याने मला राल्फ पेक या अमेरिकन अभियंत्याची गोष्ट सांगितली. पेकला पूल बांधायचे होते. १९३७मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. पुढे हार्वर्डला कार्ल तेर्झागी या मृद्‌शास्त्राच्या आचार्यापाशी तो शिकायला गेला. थोड्याच काळात, १९३९मध्ये, गुरूने त्याला शिकागोला धाडले. तिथे मऊ चिकणमातीतून भुयारी रेल्वेचे काम चालले होते, आणि वर शहरातल्या इमारती. सव्विशीतल्या पेकने मातीची प्रयोगशाळा सांभाळली, जमीन किती खचते हे मोजले, आणि आचार्यांना कळवले. पुलांचे राहूनच गेले! पुढे १९४८मध्ये गुरुशिष्यांनी मिळून लिहिलेला ग्रंथ जगभरच्या अभियंत्यांनी वाचला. १९६९मध्ये मेक्सिकोतील परिषदेत पेकने बोगद्यावरची जमीन कशी खचते ते मांडले. बोगद्याच्या बरोबर वर सर्वांत जास्त, आणि दोन्ही बाजूंना कमी कमी होत जाणारी अशी तिची घळ असते. त्याच वर्षी लंडनच्या एका व्याख्यानात त्याने निरीक्षणपद्धतीचे गुणदोष सांगितले. पद्धत अशी की, जमिनीविषयी सगळे आधी कळत नाही हे मान्य करायचे. अंदाज बांधायचा, तो चुकला तर काय करायचे तेही आधीच ठरवायचे, आणि मग मोजत राहायचे.

"म्हणजे 'काही होणार नाही' असं पेक म्हणाला नसता," मी म्हटले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मी घाबरून बोललो ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यावर, जिथे एरवी पाणी न येण्याच्या आणि सत्यनारायणाच्या सूचना असतात तिथे, खडूने चार ओळी लिहिलेल्या होत्या. यंत्र आपल्या चाळीपासून ६० मीटरांवर आहे. काल चाळ ० मिलिमीटर खचली. ५ मिलिमीटर झाले की आम्ही काम तपासू, १० झाले तर थांबवू. खाली त्याचा फोन नंबर.

चाळीने आधी कुचेष्टा केली. पण दूध आणायला उतरलेली माणसे फळ्यापाशी रेंगाळू लागली. यंत्र ४२ मीटरांवर. ० मिलिमीटर. यंत्र ३० मीटरांवर. १ मिलिमीटर. पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त कारकून हे आकडे वहीत उतरवून घेऊ लागले. खचण्यापेक्षा विषम खचणे वाईट, सगळे घर सारखे बसले तर फारसे बिघडत नाही, एकच कोपरा बसला तर भिंत फाटते, हे त्याने आत्याला एकदा जिन्यातच समजावले. "म्हणजे पाटाचा एक पाय आखूड," ती म्हणाली. पुढच्या सभेत त्याने पाटच आणला.

यंत्र चाळीखालून जात असताना फळ्यावर २ होते, मग ३. एका पहाटे पाच वाजता त्याचा मला फोन आला. आवाज उतरलेला. "सर, आजींच्या बाजूचा कोपरा ५ वर गेलाय. पलीकडचा अजून ३ वर आहे. वर कळवलंय, खाली तपासणी चालू आहे. पण साहेब म्हणतात, फळ्यावर आज ३ च राहू दे. तपासणी झाल्याशिवाय लोकांना बिथरवू नये."

साहेबांचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. एखादा आकडा उन्हाने, यंत्राच्या तिपाईने, कशानेही चुकू शकतो. पुन्हा मोजून पाहणे हेच शास्त्र. मी त्याला हेही सांगितले की, नोकरी नवीन आहे. खरे तर त्या क्षणी मला माझी आत्या दिसत होती, आणि तिला खाली उतरवून माझ्या घरी आणावे एवढेच सुचत होते.

"सर, पुन्हा मोजलं. दोनदा," तो म्हणाला.

सात वाजता मी चाळीत पोचलो. फळ्यावर लिहिले होते : आत्याबाईंच्या बाजूचा कोपरा ५, दुसरा ३. काम तपासत आहोत. आज दर तासाला आकडा लिहीन.

आणि त्याने तो लिहिला. आठ वाजता ५. नऊ वाजता ६. खाली कड्यामागे पुन्हा गिलावा भरला जात होता. तो भरून, घट्ट होऊन आपले काम करायला वेळ लागतो. मधल्या काळात वाट पाहण्याखेरीज इलाज नाही. वाट पाहणे हाही अभियांत्रिकीचा भाग आहे हे मला त्या दिवशी कळले. सगळी चाळ गॅलरीत उभी होती. कोणी आरडाओरडा केला नाही. निवृत्त कारकून दर तासाला वही उघडीत. आत्याने त्याला दोनदा चहा पाठवला. घरी यायला मात्र ती तयार होईना. "आकडा दहा झाला की येते," म्हणाली. दहा वाजता ६. अकरा वाजता ६. संध्याकाळपर्यंत ६, आणि दुसरा कोपराही सावकाश ५ वर येऊन थांबला. जिन्याजवळची जुनी भेग मापपट्टीवर केसभरही रुंदावली नव्हती. चाळ आजही तेवढी खाली आहे, आणि उभी आहे.

साहेब त्याच्यावर आठवडाभर रागावले होते. नंतर त्यांनीच शेजारच्या दोन इमारतींत फळे लावायला सांगितले. आता तो दुसऱ्या एका बोगद्यावर आहे, आणि त्याच्या हाताखाली चौघे आहेत. नव्याने येणाऱ्याला तो यंत्राला हात लावू देण्याआधी रहिवाशांसाठी चार ओळी लिहायला लावतो. त्या ओळी कधीकधी माझ्याकडे तपासायला येतात. मी फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहतो.

ऑक्टोबर २०२५मध्ये मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण खुला झाला, तेव्हा तो सुट्टी काढून आला. आम्ही तिघे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून बसलो. आत्या नव्या लुगड्यात, पिशवी मांडीवर घट्ट धरून. काळबादेवी गेले. गाडीने वेग घेतला.

"आपलं घर कधी येणार?" तिने विचारले.

तो खिडकीबाहेरच्या अंधारातली कडी मोजीत असावा. "आलं, आजी… गेलं."

आत्याने वर, डब्याच्या छताकडे पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, निघताना मी गॅस बंद केला होता ना?"