मासा, भाजी आणि खडीतलं विरजण

गटांच्या बैठकांमध्ये हल्ली एक प्रश्न आम्हाला सारखा येतो. परसात टाकी ठेवून मासे पाळायचे आणि त्याच पाण्यावर मातीशिवाय भाजी काढायची, हे खरंच जमतं का? याला ॲक्वापोनिक्स म्हणतात. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ फिरतात आणि त्यांत पहिल्या दिवसापासून सगळं हिरवंगार दिसतं. जमतं, हे खरं. पण पहिला महिना-दीड महिना डोळ्यांना काही दिसत नाही आणि घाई केली तर मासे मरतात ते याच काळात. म्हणून आज जास्त बोलणं त्या दिवसांबद्दल.

आधी आत काय चालतं ते पाहू. मासा खातो, आणि त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. गोठा दोन दिवस झाडला नाही की जो उग्र दर्प डोळ्यांना झोंबतो, तोच हा. टाकीत तो साचला की माशाला विष. पण खडीवर हळूहळू दोन प्रकारचे जिवाणू वस्तीला येतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही माशाला घातकच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते माशाला फारसं बाधत नाही आणि भाजीला तेच खत. म्हणजे मासा आणि भाजी यांच्याशिवाय आपल्या परसात हे तिसरं बिऱ्हाड असतं आणि बाकी दोघांचा जीव त्याच्या हातात असतो.

दूध तापवून नुसतं ठेवलं तर दही लागत नाही. विरजण लागतं, वेळ लागतो, आणि थंडीत तो वेळ वाढतो. खडीचंही तसंच. पाणी २५ ते ३० अंश उबदार असेल तर ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, कडाक्याच्या थंडीत त्याहून जास्त. कुणाकडे आधीच चालू असलेली टाकी असेल तर तिथली ओली खडी बादलीभर आणून आपल्यात मिसळा. ते अगदी विरजणाचं काम करतं. मात्र तिथले मासे निरोगी आहेत ना, हे आधी बघून घ्या.

आता मांडणी. ५०० लिटरची टाकी माशांसाठी, आणि २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप उभं चिरून झालेले दोन अर्धे भाजीसाठी. दोन्ही मिळून जवळपास एक चौरस मीटर वाफा होतो. बाजारात जुनी निळी पिंपं मिळतात, पण त्यांत आधी काय भरलेलं होतं हे विचारल्याशिवाय घेऊ नका. रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी नको, खाण्याच्या वस्तूचंच हवं. वाफ्यात २० एमएम खडी भरायची. आपल्याकडची काळ्या दगडाची खडी उत्तम. खडीत चुनखडी आहे का ते पाहायला दोन-चार दगडांवर लिंबू पिळा. फसफसलं तर ती खडी घेऊ नका. अर्ध्या पिंपात दीडशे किलोच्या आसपास खडी बसते, तेव्हा खाली ब्लॉक किंवा विटांचा पक्का ओटा लागतो. लाकडी टेबलावर हा भार ठेवू नका.

पाणी वर चढवायला कूलरचा छोटा पंप चालतो. त्याला टायमर लावून तासातली १५ मिनिटं पंप चालू आणि ४५ मिनिटं बंद ठेवायचा. वाफ्यात एक उभा पाइप बसवायचा. त्याच्या वरच्या तोंडातून जादा पाणी परत टाकीत पडतं आणि बुडाशी पाडलेल्या बारीक भोकातून, पंप बंद असताना, उरलेलं निथळतं. खडीचा वरचा दोन बोटं थर कोरडाच राहील एवढ्या उंचीवर त्या पाइपाचं तोंड ठेवा, म्हणजे शेवाळ धरत नाही आणि डासही होत नाहीत. पाइप, नळ, भांडी यांत तांबं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं काही नको. तांब्याच्या लोट्यातलं पाणी आपण कौतुकानं पितो, पण माशाला तांबं विष आहे. पंपाला अर्थिंग हवं, आणि पाण्यात हात घालण्याआधी पिन काढायची. टाकीवर घट्ट जाळी बसवा. खंड्या, मांजर आणि घरातलं रांगतं मूल, तिघांसाठीही.

पाण्याची एक गोष्ट. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर असते. ती माणसांचे आजार टाळते, पण माशांना आणि आपल्या विरजणाला मारते. नळाचं पाणी एक-दोन दिवस उघड्यावर ठेवून, मधूनमधून ढवळून मगच टाकीत घाला. नंतर रोज लागणारं पाणी मात्र थोडंच आहे. पाणी फिरत राहतं, त्यामुळे एकूण पाण्याच्या साधारण एक ते तीन टक्के भर घालावी लागते. आपल्या टाकीला दिवसाला एखादी कळशी. भर उन्हाळ्यात थोडं जास्त.

पहिल्या आठवड्यांत मासे न सोडता रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खुराक मिळतो. शोभेच्या माशांच्या दुकानात थेंब टाकून रंग पाहायची तपासणी पेटी मिळते, ती गटात एक घेतली तरी चार घरांना पुरते. आधी अमोनिया वाढलेला दिसेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आले की विरजण लागलं. त्याआधी बोटुकली आणू नका, कुणी कितीही स्वस्त दिली तरी. आणल्यावरही पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीतच तरंगू द्या, मग थोडं थोडं पाणी मिसळून सोडा.

मासा कोणता? पहिल्यांदा करणाऱ्यांना आम्ही सायप्रिनस किंवा पंगस सुचवतो. पंगस वर येऊन हवाही घेतो, त्यामुळे वीज गेली तर जरा तग धरतो, पण थंडीत तो खायचं कमी करतो. तिलापिया पाळायला परवानगी लागते आणि थाई मागूरला तर बंदीच आहे. काही ताया विचारतात, आमचं घर माळकरी, मग हे आमच्यासाठी नाही का? तुमच्यासाठीही आहे. गोल्डफिश किंवा कोई पाळा. मासा खायचा नसला तरी भाजीला खत तसंच मिळतं.

आता घडी बसवणं, म्हणजे खरं कसब. इथं मासे मोजण्यापेक्षा खाद्य मोजायचं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१४ साली घरगुती ॲक्वापोनिक्सवर एक पुस्तिका काढली. तिच्यात पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य, आणि टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाजीला ५० ते ८० ग्रॅम, असा हिशेब दिला आहे. बोटुकली १० ग्रॅमची असेल तर वीस नगांचं वजन २०० ग्रॅम. वजनाच्या पाच टक्के धरलं तर त्या दिवसाला १० ग्रॅमच खातात. म्हणजे सुरुवातीला वाफ्याचा पाचवा हिस्साच लावायचा! पूर्ण वाफा भरला की पानं पिवळी पडतात आणि मग आपण खाद्य वाढवून पाणी बिघडवतो. मासे सव्वाशे ग्रॅमचे झाले की वीसांचं वजन अडीच किलो, तेव्हा दोन टक्क्यांनी ५० ग्रॅम खाद्य जातं आणि वाफा भरून लावता येतो. खाद्य वीस मिनिटांत संपलं नाही तर उरलेलं चाळणीनं काढा.

पुढे पानं बघून चालायचं. जुनी पानं फिकी पडली तर नायट्रेट कमी आहे, रोपं कमी करा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. कृषी सेवा केंद्रातून १२ टक्के लोहाची चिलेटेड पावडर आणा. ५०० लिटरला ८ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा पुरे. हिराकस घालू नका, या पाण्यात ते लगेच गंजून तळाला बसतं. पाण्याचा सामू सहा ते सातच्या दरम्यान तिघांनाही मानवतो. बोअरचं पाणी बहुधा त्याहून चढं असतं, त्यात पावसाचं पाणी मिसळा. काही महिन्यांनी जिवाणूंच्या कामामुळे सामू आपोआप खाली येतो. सहाच्या खाली जाऊ लागला तर शिंपल्यांचा चुरा फडक्यात बांधून पाण्यात लटकवा. खायचा चुना एकदम टाकला तर माशांना झटका बसतो. कीड पडली तरी फवारणी नाही, निंबोळी अर्कसुद्धा नाही, कारण तो पाण्यात उतरला की मासे जातात. जीवामृत, गोमूत्र, शेणपाणी हेही या टाकीत नको.

सगळ्यात मोठी धास्ती विजेची. पंप एरवीही तासातला पाऊण तास बंदच असतो, म्हणून टाकीत हवा सोडणारा वेगळा छोटा पंप सतत चालू हवा, तोही बॅटरीवर चालणारा. पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले की लोटीनं पाणी उंचावरून परत परत ओता, आणि वीज येईपर्यंत खायला देऊ नका.

कर्जाचं सांगतो. दिवसाला ५० ग्रॅम म्हणजे महिन्याला दीड किलो खाद्य, आणि चांगलं जमलं तर त्यातून पाऊण किलोच्या आसपास मासळी. एवढ्यावर हप्ता फिटत नाही. घरच्या पालक-मेथीसाठी आणि अधूनमधून कालवणासाठी हे करा, शक्यतो स्वतःच्या शिलकीतून. विक्रीसाठी मोठा साचा घ्या असं सांगत कुणी आलं तर त्याची एक टाकी वर्षभर चाललेली आधी बघून या.

ज्यांना यंदा करायचं आहे त्यांनी ओटा मेमध्येच बांधावा. मृगाच्या पहिल्या एक-दोन सरींनी कौलं किंवा स्लॅब धुऊन निघाला की पुढचं पागोळ्यांचं पाणी टाकीत भरा आणि पंप सुरू करा. जुलैच्या अखेरीस विरजण लागलेलं असेल आणि त्याच सुमाराला मत्स्यबीज केंद्रांवर बोटुकलीही मिळू लागते.