सतरंजी घेण्यापूर्वी वर्गाची मोजणी

शाळेसाठी सतरंजी विकत घेणे हे काम वरवर पाहता क्षुल्लक वाटते. दुकानात जावे, बरी दिसेल ती निवडावी व पावती घेऊन यावे, एवढाच त्याचा विस्तार आपण समजतो. परंतु आणलेली सतरंजी भिंतीशी दुमडून ठेवावी लागली, अथवा अपुरी पडून मागील रांगेतील मुले ऐन थंडीत उघड्या फरशीवर बसली, म्हणजे चूक ध्यानात येते. ही चूक दुकानात झालेली नसते. खोली न मोजता आपण दुकानात गेलो, तेथेच ती झालेली असते.

खोलीची लांबी एकदाच मोजून भागत नाही. जुन्या इमारतींच्या भिंती क्वचितच अगदी समांतर असतात. यास्तव लांबी व रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी, म्हणजे दोन्ही भिंतींलगत व मध्यभागी, मोजावी आणि त्यांतील सर्वांत लहान माप धरावे. समजा, लांबी ६.००, ५.९० व ५.८५ मीटर आणि रुंदी ४.८०, ४.७५ व ४.७० मीटर भरली. तर खोली ५.८५ × ४.७० मीटर समजावी. नंतर दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान नसतील, तर कोपरे काटकोनी नाहीत हे निश्चित.

आता वजाबाकी. फळा व शिक्षकांचे टेबल यांसाठी पुढे १.२० मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंस १५ सेंटिमीटर जागा सोडली, तर सतरंजीस ४.५० × ४.४० मीटर, म्हणजे १९.८० चौरस मीटर जागा उरते. सर्वांत मोठी मापे धरून सबंध खोलीचा हिशेब केला असता, तर तो २८.८० चौरस मीटर झाला असता. नऊ चौरस मीटरांचा खर्च व्यर्थ गेला असता. दार आत उघडत असेल, तर त्याच्या फिरण्याची जागाही वगळावी. मधला खांब विसरू नये.

एवढे झाल्यावर फरशीवर खडूने तो आयत आखावा व मुलांना त्यात बसवून पाहावे. पाटी-दप्तरासह किती मुले मावतात, हे कागदावरील आकड्यांपेक्षा येथे अधिक स्पष्ट कळते. कर्ण असमान असतील, तर आयत कोठे अडतो तेही दिसते.

आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली; तथापि बाजारात फुटांची भाषा अद्याप चालते. येथे एक चूक वारंवार घडते. एक मीटर म्हणजे सुमारे ३.२८ फूट, म्हणून एक चौरस मीटर म्हणजेही ३.२८ चौरस फूट, असे धरले जाते. वस्तुतः एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट होत. वरील १९.८० चौरस मीटरांचे २१३ चौरस फूट होतात. चुकीच्या रीतीने ते ६५ च भरतील. अशा अंदाजपत्रकावर मागितलेली रक्कम एक-तृतीयांशाहूनही कमी पडेल आणि उणीव मुलांना भोगावी लागेल.

एकच अवजड सतरंजी घेण्यापेक्षा १५ × ७ फुटांच्या दोन घ्याव्यात. त्या ४.५७ × २.१३ मीटरच्या होतात. लांबीत ७ सेंटिमीटर अधिक झाले, तरी मागे सोडलेल्या जागेत ते सामावतात. दोन मुले मिळून अशी सतरंजी झटकू शकतात. सुती सतरंजी धुतल्यावर थोडी आटते, हेही लक्षात असावे.

ही मोजणी शिक्षकांनी एकट्याने करू नये. वरच्या इयत्तेतील मुलांना प्रथम आपापल्या वितीने व हाताने खोली मोजू द्यावी. प्रत्येकाचे उत्तर निराळे येईल. मग मीटरपट्टी हाती द्यावी. प्रमाणित माप का हवे, हे त्यांना न सांगता उमगेल. क्षेत्रफळाचा असा धडा, ज्याच्या उत्तरावर स्वतःला बसावयाचे आहे, विद्यार्थी सहसा विसरत नाहीत.