न उघडलेल्या इंजिनाची वाढलेली शक्ती



गेल्या सत्रात दहावीच्या वर्गात उष्णतेचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने मोठा मार्मिक प्रश्न विचारला. त्याचे थोरले मामा अमेरिकेत, कॅलिफोर्नियात राहतात. त्यांच्यापाशी बी.एम.डब्ल्यू. कंपनीची एक्स ५ ही उंची एसयूव्ही मोटार आहे. त्यांनी म्हणे इंजिनाचा एक स्क्रूही न काढता, केवळ एक तार जोडून तिची शक्ती ऐंशी अश्वशक्तींनी वाढवली. आणि तीच ‘ट्यून’ ते येथील धाकट्या मामांच्या तशाच गाडीसाठी पाठवणार आहेत. ‘‘सर, नवा भाग काहीच बसवला नाही, मग ही शक्ती आली कोठून? आणि धाकट्या मामांनी ती घ्यावी का?’’ तासाची घंटा झाली आणि दोन्ही प्रश्न तसेच राहिले. ती उत्तरे येथे देत आहे.

प्रथम गाडीचा परिचय करून घेऊ. एक्स ५ ही मोटार १९९९ पासून अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात, स्पार्टनबर्ग येथे तयार होते. चेन्नईजवळच्या कारखान्यातही तिची जुळवणी होते. तिचे वजन दोन टनांहून अधिक असते. २०१९ च्या सुमाराच्या पेट्रोल गाडीत सहा सिलिंडरांचे, २९९८ घनसेंटिमीटरचे इंजिन असून त्याची शक्ती ३४० अश्वशक्ती होती. ट्यून विकणारे लोक याच इंजिनातून चारशेच्या वर अश्वशक्ती काढून देऊ असे सांगतात. म्हणजे थोरल्या मामांची गोष्ट अशक्य कोटीतील नव्हे.

इंजिनाची शक्ती जळणाऱ्या इंधनातून येते. परंतु इंधन जाळण्यास हवा लागते. एक भाग पेट्रोल पुरतेपणी जाळावयास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हवी. तेव्हा शक्ती वाढवावयाची तर सिलिंडरात हवा अधिक कोंबली पाहिजे. हे काम टर्बो करतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक लहानसे चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून आत ढकलते. ही चक्रे मिनिटाला लाखाहूनही अधिक फेरे घेतात. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले होते.

आता हवा किती दाबावी, पेट्रोल किती फवारावे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडावी, हे कोण ठरवतो? पूर्वी कारागीर कार्बोरेटरचा स्क्रू पिळून आणि कान देऊन ते ठरवीत. १९७९ साली बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ यंत्रणा बी.एम.डब्ल्यू.च्या ७३२ आय या मोटारीत बसली आणि इंधन व ठिणगी यांचा कारभार एकाच संगणकाच्या हाती आला. या संगणकाच्या स्मरणात पाढ्यांसारखे तक्ते असतात. इंजिनाचे फेरे इतके, हवेचा दाब इतका, उष्णतामान इतके, तर ठिणगी अमुक अंशावर, असे ते तक्ते सांगतात. ट्यून बसवणे म्हणजे या तक्त्यांतील आकडे बदलणे होय. इंजिन तेच, आज्ञा मात्र नवी!

ती बसवण्याची रीतही जाणून घेण्याजोगी आहे. स्टिअरिंगखाली एक चपटे छिद्रयुक्त जोडस्थान असते. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीस ते सक्तीचे झाले. जाणता कारागीर प्रथम तेथे यंत्र लावून इंजिनाने काही दोष नोंदवले आहेत का, हे पाहतो. ठिणगीचे प्लग झिजलेले, हवेची नळी गळकी किंवा तेल जुने असेल, तर तो पुढे जात नाही. कारण आजारी माणसास कोणी आखाड्यात उतरवत नाही. नंतर तो बॅटरीला बाहेरून विजेचा स्थिर पुरवठा जोडतो. लिहिण्याचे काम चालू असता वीज कमी पडली, तर संगणकातील मजकूर अर्धवट राहतो आणि गाडी जागची हलत नाही. मग मूळ तक्ते उतरवून जपून ठेवावयाचे आणि नंतरच नवे लिहावयाचे. अलीकडच्या कित्येक गाड्यांत कंपनीने या संगणकास कुलूप घातलेले असते. ते उघडणे हाच एक स्वतंत्र उद्योग झाला आहे.

येथे काम संपले असे अडाणी समजतो. जाणत्याचे येथून पुढे सुरू होते. तो गाडी चालवून प्रत्येक सिलिंडरातील ठिणगीची वेळ, हवेचा दाब, आत येणाऱ्या हवेचे उष्णतामान आणि मिश्रणाचे प्रमाण यांची नोंद घेतो व आकडे पुन्हा दुरुस्त करतो. कारण आता एका जुन्या शत्रूशी गाठ असते. त्याचे नाव ‘नॉकिंग’, म्हणजे इंजिनाचे ठोके.

सायकलचा पंप जोराने मारल्यावर त्याची नळी हातास गरम लागते, हा तुमचा अनुभव असेल. हवा दाबली की तापते. सिलिंडरातही ठिणगीपासून ज्योत पसरू लागली की न जळलेले उरलेले मिश्रण दाबले जाते व तापते. ते फार तापले तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम भडकते आणि दाबाचे तडाखे दट्ट्यावर व भिंतीवर बसतात. ठिणगी फार लवकर पाडली तरी हेच संकट ओढवते. झोपाळा मागे येऊन परत फिरण्याच्या क्षणी धक्का दिला तर तो उंच जातो; येत असतानाच दिला तर आपलेच मनगट दुखावते. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा पेटतो. तेव्हा चुकीचे धक्के चालू राहिले तर दट्ट्यास तडा जावयास फार वेळ लागत नाही. इंजिनावर ठोके ऐकणारे कानासारखे एक उपकरण असते. ठोका जाणवताच संगणक ठिणगी मागे घेतो. परंतु हा राखणदार संकटकाळासाठी आहे, रोजच्या चाकरीसाठी नव्हे.

आता मुख्य गोष्ट. मूळ कंपनीला ही ऐंशी अश्वशक्ती ठाऊक नव्हती काय? अवश्य होती. तिने ती राखून ठेवली होती. तेच इंजिन राजस्थानच्या उन्हाळ्यात, डोंगरावरच्या विरळ हवेत, कधी हलक्या पेट्रोलवर आणि कधी निष्काळजी मालकाच्या हाती वर्षानुवर्षे चालले पाहिजे. त्याच्या मागे आठ गतींचा गिअरबॉक्स आहे, त्यासही इंजिनाचा पीळ सोसला पाहिजे. राखलेली शक्ती म्हणजे वाया गेलेली शक्ती नव्हे. ती घरातील कणगीत साठवलेल्या धान्यासारखी आहे. २०२३ साली कंपनीने याच गाडीची शक्ती ३४० वरून ३८१ केली. पण त्यासाठी तिने ज्वलनकक्षाची आणि हवेच्या वाटांची रचना बदलली व ४८ व्होल्टची विद्युत् मोटर जोडली. अवघ्या ४१ अश्वशक्तींसाठी निर्मात्याने इतकी खटपट केली, हे ऐंशी अश्वशक्ती क्षणात देणाऱ्याने विसरू नये.

ट्यूनच्या नावाखाली एक छोटी पेटीही विकली जाते. ती संगणकाचे तक्ते बदलत नाही. ती त्यास खोटे सांगते. दाब वाढलेला असतानाही ‘कमी आहे’ असा निरोप देते आणि भोळा संगणक आणखी हवा मागतो. राखणदारास फसवून घर सुरक्षित राहील, ही आशा व्यर्थ होय.

आता धाकट्या मामांकडे वळू. पेट्रोल ठोक्यास किती विरोध करते, हे ऑक्टेन आकड्याने मोजतात. कॅलिफोर्नियातील उंची पेट्रोलवर ९१ हा आकडा असतो, आणि आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचाही किमान आकडा पूर्वी ९१ होता. दोन्ही एकच वाटतात ना? तसे नाही! अमेरिकेत दोन कसोट्यांची सरासरी लिहितात. आपल्याकडे त्यांतील सौम्य कसोटीचाच आकडा लिहितात. अमेरिकेतील ९१ हे आपल्या मापाने सुमारे ९५ ते ९६ भरते. तेव्हा ‘९१ साठी’ असे लिहिलेली ट्यून आपल्या मापाने ९१ भरणाऱ्या पेट्रोलवर चालवणे म्हणजे ठोक्यांना घरचे निमंत्रण देणे. शिवाय तक्ते त्या त्या गाडीतील संगणकाच्या आवृत्तीस बांधलेले असतात. थोरल्या भावाचा चष्मा धाकट्याने लावावा, तसलाच हा प्रकार.

आणखी एक पक्ष आहे, तो म्हणजे रस्त्यावरून पायी जाणाऱ्याचा. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मिश्रणाच्या ठरावीक प्रमाणातच नीट काम करते. पेट्रोल वाजवीपेक्षा अधिक फवारले की विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. केवळ आज्ञा बदलून किती अनर्थ होतो, हे २०१५ साली जगाने पाहिले. फोक्सवॅगन कंपनीच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत परीक्षेपुरता धूर कमी दाखवणारी आज्ञावली निघाली. यास्तव कॅलिफोर्नियात तपासून मान्यता क्रमांक दिलेले बदलच रस्त्यावर चालतात. जर्मनीत शक्तीतील बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. आणि आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडीत फरक पडेल असे बदल करण्यास मनाई करते. कंपनीची हमी आणि विम्याची भरपाई यांवरही पाणी पडू शकते. मूळ तक्ते परत लिहिले तरी लेखनाच्या खुणा संगणकात राहू शकतात.

मग ही विद्या त्याज्य समजावयाची काय? मुळीच नाही. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर, योग्य पेट्रोलवर, प्रत्येक आकडा तपासणाऱ्या हाताने ती वापरली तर ती उत्तम अभियांत्रिकी आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या मोटारींचे संशोधन करील, त्याने हे तक्ते जरूर अभ्यासावेत.

परंतु त्या विद्यार्थ्याने धाकट्या मामांना माझा निरोप सांगावा. शक्ती कोठून आली, तर ती इंजिनाच्या राखीव ठेवीतून आली. ठेव मोडण्यापूर्वी ती कशासाठी ठेवली होती, हे विचारावे. दोन टनांची गाडी घरच्या मुलामाणसांना घेऊन भर उन्हात घाट चढत असेल, तेव्हा ती ठेवच उपयोगी पडते. थोरल्या मामांची भेट प्रेमाची आहे. तिचे आभार मानावेत आणि ती परत पाठवावी.