जर्मानिक अलंकारांतील तामडा व बोरघाट

इ. स. च्या ५ व्या ते ७ व्या शतकांत युरोपात फ्रँक, गॉथ, अँग्लो-सॅक्सन इत्यादी ज्या जर्मानिक जमातींनी राज्ये स्थापिली, त्यांच्या धातुकामास व अलंकारांस तिकडील संग्राहकांत मोठी मागणी आहे. सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या जोडून केलेली बारीक घरे व प्रत्येक घरात बसविलेला तांबडा चपटा खडा, हे ह्यांतील उत्तम कामाचे लक्षण होय. हा खडा माणकाचा नव्हे, तामड्याचा. त्याच्या पाठीशी बारीक चौकड्यांचा ठसा उमटविलेला सोन्याचा पत्रा घालीत. आत शिरलेला प्रकाश त्यावरून परत फिरे व खडा निखाऱ्यासारखा दिसे. आपल्याकडे कोंदणात खड्याखाली डाक घालतात, त्याचेच हे तत्त्व. इंग्लंडात सटन हू येथे १९३९ साली जे राजदफन उघडले त्यातील अलंकारांत असे चार हजारांवर खडे आहेत.

ह्या विषयाशी मावळातील संग्राहकाचा काय संबंध, अशी शंका वाचकांस येईल. संबंध खड्याचा आहे. पॅरिस येथे लूव्रमधील प्रयोगशाळेत थोमा कॅलिगारो प्रभृतींनी खड्यांस इजा न करता क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांतील घटकद्रव्ये मोजली. तेव्हा असे दिसून आले की, जुन्या अलंकारांतील बहुतेक तामडा हिंदुस्थानातील व सिंहलद्वीपातील असून, ७ व्या शतकात हा पुरवठा आटल्यावर तिकडील कारागीर बोहेमियातील लहान खड्यांवर भागवू लागले. आपल्याकडे तामड्याच्या खाणी राजस्थानात आहेत, तशाच तेलंगणात गरीबपेठ येथेही आहेत. तमिळ देशातील अरिकमेडू येथे उत्खननात मिळालेले तामड्याचे मणी ह्या गरीबपेठच्या खड्याशी जुळतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले आहे. वराहमिहिराने ६ व्या शतकात बृहत्संहितेत रत्नांची जी यादी दिली तीत ‘पुलक’ नावाचे रत्न आहे. पुलक म्हणजे तामडाच, असे काही अभ्यासक मानतात. तसे असल्यास, फ्रँक राजे जो खडा अंगावर घालीत होते त्याचीच गणना त्याच काळी आपले शास्त्रकार रत्नांत करीत होते.

येथवर पुरावा भक्कम आहे. यापुढे मात्र स्थानाभिमानाला आवर घालावा लागतो. कल्याण बंदरातून बोरघाट चढून खंडाळा, लोणावळे व कार्ले ह्या वाटेने घाटावर येणारा व्यापार प्राचीन आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी स्तंभ दिले, तेथीलच सिंहदत्त नामक गांधिकाने द्वार दिले, आणि वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम म्हणून लेखात मिरविले. जुन्नरच्या लेण्यांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिल्याचा लेख आहे. यवन, श्रेष्ठी व सोनार एकाच मुलखात भेटल्यावर तामडाही ह्याच घाटाने उतरला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ह्या लेखांचा काळ आणि जर्मानिक अलंकारांचा काळ यांत तीन-चार शतकांचे अंतर पडते. पेरिप्लसकाराने पैठण व तेर येथील माल भडोचला जात असल्याचे सांगितले आहे. ६ व्या शतकातील कॉस्मासने कल्याणच्या निर्गत मालात तांबे, शिसवी ओंडके व कापड ही नावे घेतली, तामड्याचे घेतले नाही. तेव्हा तामडा बोरघाटाने गेला असे आज लिहिणे म्हणजे संशोधन नव्हे.

ह्या प्रश्नाचा उलगडा ग्रंथांतून होण्यापेक्षा मातीतून होण्याचा संभव अधिक. जुन्या गावाच्या पांढरीत, विहिरीच्या उपशात किंवा ओढ्याच्या कापात पावसाने उघडा पडलेला एखादा तांबडा मणी कोणत्या खाणीचा, हे आता रसायनशास्त्र सांगू शकते. परंतु तो कोणत्या गावचा, हे ज्याने उचलला त्यानेच सांगावयाचे असते. पुष्पिकेचे पान गळालेली पोथी हाती आली म्हणजे लेखनिक, शक व स्थळ यांविषयी जी हळहळ वाटते, ती बाजारात डबीभर मणी विकत घेणाऱ्या आपल्या संग्राहकांस का वाटू नये, हे मला उमगत नाही.

नोंदीचे मोल किती असते ह्याचे उदाहरण फ्रँकांच्याच इतिहासात आहे. इ. स. ४८१ च्या सुमारास वारलेल्या चिल्डेरिक राजाची कबर १६५३ साली तूर्ने येथे सापडली. तीत तामडा जडविलेल्या सोन्याच्या शेकडो मधमाश्या होत्या. शिफ्ले नामक विद्वानाने १६५५ साली प्रत्येक जिनसाची चित्रे देऊन ग्रंथ छापला. पुढे १८३१ साली पॅरिसच्या राजग्रंथालयात चोरी होऊन बहुतेक सोने चोरांनी वितळविले. मधमाश्यांपैकी दोनच उरल्या. तरीही आज त्या कबरीविषयी जे ज्ञान आहे त्याचा आधार शिफ्लेची चित्रेच होत. आपल्याकडे सोनाराच्या मुशीत मोड म्हणून किती पुतळ्या व किती बाळ्या गेल्या असतील! त्यांचा शिफ्ले कोणी झाला नाही.

लोणावळ्याच्या आसपास बंगल्यांकरिता यंत्राने जमीन खोदण्याचे काम जोरात आहे, म्हणून ही निकड. दहा रुपयांहून अधिक किमतीचे निधान सापडल्यास ते कलेक्टरास कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी धाडता येत नाही. पोथ्यांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांचीच आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. ज्यांच्या संग्रही पूर्वीपासून सुटे मणी आहेत त्यांनी ते धुऊ नयेत. छिद्रातील माती तशीच राहू द्यावी, नव्या दोऱ्यात ओवू नयेत, आणि प्रत्येक मणी निराळ्या पाकिटात ठेवून त्यावर गाव, शेताचे नाव, सापडल्याचे साल व देणाऱ्याचे तोंडचे शब्द शाईने लिहावेत.