हप्ते लोकांचे, थकबाकी शरीराची

"सर, जरा इकडं बसा. तुमचाही रक्तदाब बघू."

वेल्हे भागातल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात, आरोग्य उपकेंद्राच्या नर्सताईंनी मला हाक मारली. मी ते हसण्यावारी नेले. मी तिथे तपासणीला गेलोच नव्हतो, कर्जाचे हप्ते गोळा करायला गेलो होतो. तिशीपुढच्या सर्वांची तपासणी करायची म्हणून ताई आल्या होत्या, आणि माझ्या बैठकीच्या बायका आयत्याच जमल्या होत्या. मला तेव्हा एकतिसावे सरले होते. बायकांनी आग्रह केला म्हणून मी दंडाला पट्टा बांधून घेतला. यंत्राने १६४ आणि १०६ असे आकडे दाखवले. ताईंनी दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजले. १५८ आणि १०२.

"सर, भोरला जाऊन डॉक्टरांना दाखवा. उद्या नको, आजच," त्या म्हणाल्या.

वाचकहो, या गोष्टीला आता तीन वर्षे झाली. माझ्यासारखे काम करणारी शेकडो मुले आज आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून मोटारसायकलने फिरत आहेत. कदाचित त्यांतला एखादा तुमच्या घरचाही असेल. म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

पंख्याखालची नोकरी नव्हे

फायनान्स कंपनीत नोकरी म्हटली की लोकांना पंखा, टेबल आणि इस्त्रीचा शर्ट आठवतो. इस्त्रीचा शर्ट खरा, पण तो चेलाडी फाट्यावरून मार्गासनीला पोहोचेपर्यंतच. आमची कंपनी गावोगावच्या महिलांना गट करून विनातारण कर्ज देते. लोक आम्हाला 'बचत गटवाले' म्हणतात, पण ते बरोबर नाही. बचत गटात बायका आधी स्वतःची बचत करतात आणि मग बँक त्यांना कर्ज देते. नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केलेली योजना ती. आमच्याकडे बचत नसते, थेट कर्ज असते. गटातील एकीचा हप्ता चुकला, तर बाकीच्या जणींनी तो भरावा अशी अपेक्षा असते. ही पद्धत बांगलादेशातील ग्रामीण बँकेमुळे जगभर गेली.

माझा दिवस सकाळी साडेसहाला सुरू होई. एका दिवशी विंझर, वेल्हे आणि पुढे केळदपर्यंत, तर दुसऱ्या दिवशी भोरहून निगुडघर, हिर्डोशी. वेल्हे तालुक्याचे नाव २०२४ मध्ये राजगड झाले, तरी आमच्या तोंडी वेल्हेच आहे. इकडचा पाऊस वाचकांना सांगायला नको. रेनकोटच्या आत छातीशी पैशांची बॅग, समोर धुके आणि रस्त्यात खड्डे. दिवसाला शंभर किलोमीटर तरी होत. कमरेतून कळ निघे, ती मी गाडीच्या माथी मारत असे.

ग्राहकाकडे चहापाणी घ्यायचे नाही, असा आमच्याकडे दंडक होता. त्यामागचा हेतू चांगला आहे, पण मी तो इतका पाळला की सकाळपासून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसे. मग फाट्यावर दोन वडापाव, सोबत मीठ लावलेल्या मिरच्या आणि वर दोन कप चहा. झोप येऊ नये म्हणून तंबाखूची सवय लागली. संध्याकाळी शाखेत रोकड मोजायची. ती जुळेपर्यंत घरी जायचे नाही, आणि कमी भरली तर खिशातून घालायची. आमच्यातल्या मुलींचे हाल तर वेगळेच. गावात स्वच्छतागृह मिळेल की नाही म्हणून त्या पाणी पीतच नसत. एकीला मूत्रमार्गाचा संसर्ग वरचेवर होई. ती ते कोणाला सांगत नसे.

खिशातून भरलेला हप्ता

शरीराच्या या हालांपेक्षा मनावरचे ओझे जास्त होते. शाखेच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे थकबाकीचा आकडा लिहिला जाई. माझ्या नावापुढे दोन वर्षे शून्य होते. ते शून्य कसे राहिले, हे फक्त मला माहीत होते.

त्याच गावातल्या एका ताईंचे यजमान लावणीच्या दिवसांत बांधावरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. हप्ता थकला. गटातल्या बायकांनी एकदा भरला, दुसऱ्यांदा त्यांच्याकडेही नव्हते. बैठक संपेना. मला पुढच्या गावी जायचे होते. शेवटी मीच अकराशे पन्नास रुपये माझ्या खिशातून भरले. पुढच्या वेळीही भरले. घरी बायकोला पगार कमी का आला ते सांगता येईना, आणि साहेबांना खरे सांगायची छाती होईना. रात्री दोनला जाग येई आणि डोळ्यांपुढे फळा दिसे. छातीत धडधड व्हायची. पित्त असेल म्हणून मी गोळी घेऊन पुन्हा आडवा व्हायचो.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये अशा कर्जांसाठी नियम केले. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीसाठी कर्जदाराला फोन करायचा नाही, दमदाटी करायची नाही. घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. हे नियम योग्यच आहेत आणि प्रत्येक कर्जदाराने ते माहीत करून घ्यावेत. पण आमचा स्वतःचा फोन रात्री दहालाही वाजत असे.

डॉक्टरांनी काय सांगितले

भोरच्या डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा रक्तदाब मोजला, रक्त-लघवी तपासली, हृदयाचा आलेख काढला आणि मग गोळी सुरू केली. मी म्हणालो, "मला तर काहीच त्रास होत नाही." ते म्हणाले, "त्रास होत नाही हीच या आजाराची खोड आहे. रक्तदाब वर्षानुवर्षे न दुखता वाढतो, आणि मग एक दिवस मेंदू, हृदय नाहीतर मूत्रपिंड दुखावतो."

त्यांनी मला कामाचे तास विचारले. बारा तास आणि आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बहात्तर तास भरले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेला निष्कर्ष त्यांनी सांगितला. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा सुमारे १७ टक्क्यांनी. त्या रात्री मी बायकोला सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी साहेबांनाही सांगितले.

साहेब चिडले. माझ्या नावापुढचे शून्य गेले आणि बैठकीत चार शब्द ऐकावे लागले. पण आभाळ कोसळले नाही. थकबाकी थकबाकी म्हणून दाखवली गेली, त्या ताईंना वेळ मिळाला, आणि यजमान कामाला लागल्यावर त्यांनी थोडे थोडे करून सारे फेडले. मी भरलेल्या पैशांचे त्यांना कळले तेव्हा मात्र त्या माझ्यावर रागावल्या. "मला न विचारता माझं कर्ज तुम्ही का भरलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

फिरतीच्या नोकरीवाल्यांसाठी

१) तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासा. उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बरे वाटले म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

२) घरून भाकरी-भाजीचा डबा आणि पाण्याची बाटली न्या. दिवसाचे मीठ एकूण एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी हवे. त्यात पापड, लोणचे, सुकट आणि वडापावही धरा.

३) दर तासाने गाडीवरून उतरून पाच मिनिटे चाला. हेल्मेट प्रत्येक फेरीला घाला. लघवी तुंबवू नका. जळजळ, ताप किंवा कंबरदुखी असेल तर लाज न धरता दवाखान्यात जा.

४) तंबाखूने तरतरी येते असे वाटते, पण नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. मला ती सोडायला तीन प्रयत्न लागले.

५) दुसऱ्याचा हप्ता खिशातून भरू नका. त्यातून सुरू होणारा लपवाछपवीचा ताण पैशापेक्षा महाग पडतो.

६) झोप उडाली, कशातच लक्ष लागेना किंवा जगणे नको वाटू लागले, तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत असून चोवीस तास चालते. मराठीतही बोलता येते. हा क्रमांक कर्जदार भगिनींसाठीही आहे.

कर्ज घेणाऱ्या कुटुंबांनाही एक सांगणे आहे. माझ्या अनुभवात हप्ता थकण्यामागे बहुतेक वेळा घरातले आजारपणच असते. दवाखान्यासाठी नवे कर्ज काढण्यापूर्वी तो आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. आणि वसुलीला आलेल्या माणसाला अडचण उघड सांगा. तोही कोणाला तरी उत्तर देणे लागतो.

मी आजही याच नोकरीत आहे. रक्तदाब १३० च्या आसपास असतो, गोळी चालू आहे. फळ्यावर माझ्या नावापुढे कधी शून्य असते, कधी नसते. त्या गावी गेलो की त्या ताई बैठकीआधीच पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि म्हणतात, "आधी पाणी प्या, मग पैशाचं बोलू." चहाला मी अजूनही नाही म्हणतो. पाणी मात्र पितो.