विलायतेतला वंशशोधक

पंचवटीतील तीर्थोपाध्यायांकडे जाऊन आपले मूळ गाव आणि आडनाव सांगितले की ते लांबट वही काढतात, आणि क्षणभरात आपल्या पणजोबांचे नाव आपल्यासमोर उघडते. आजोबांच्या घराण्याच्या पाच पिढ्या मी अशा वहीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आजीच्या माहेरचे मात्र एकही पान कोणत्याही उपाध्यायाकडे मिळणार नाही. तिचे आजोबा इंग्रज होते. जी. आय. पी. रेल्वेत फिटर म्हणून ते इगतपुरीला आले, नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये वाढलेल्या एका मुलीशी त्यांनी १८९३ साली चर्चमध्ये लग्न केले आणि घाटाच्या माथ्यावरच त्यांची हाडे मातीला मिळाली.

एवढेच असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण रेल्वेच्या कॉलनीत एक कुजबुज होती. गोरा माणूस काळ्या मुलीशी खरे लग्न करतो होय? त्याची बायको तिकडे विलायतेत असणारच! आजीच्या वडिलांना हे शाळेत ऐकावे लागले, आजीलाही लहानपणी एकदोनदा ऐकावे लागले. आज ती शहाऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामाने एका संकेतस्थळावर आजीच्या आजोबांचे नाव घातले आणि कोणीतरी तयार करून ठेवलेला वंशवृक्ष त्याला आयता मिळाला. त्यात आजोबांचे नाव होते, त्यांच्या वडिलांचे नाव होते, जन्मसालही जुळत होते. आणि शेजारी बायको होती, दोन मुले होती. १८९१ च्या शिरगणतीत ती बाई मुलांसह एकटीच राहताना नोंदलेली. नवरा घरी नाही.

मामाने संगणक बंद केला आणि "आईला सांगू नका," असे आम्हाला बजावले. पण घर लहान, आणि आजीचे कान अजून शाबूत.

"खरं काय ते विचारून घ्या. मी आता मरायला बसलेय, मला कशाचं भय?" ती म्हणाली.

विचारायचे कोणाला, या प्रश्नातून धंदेवाईक वंशशोधक नावाच्या जमातीशी आमचा परिचय झाला. इतिहासाच्या विद्यार्थिनीला ही माहिती आधी असायला हवी होती, पण नव्हती. आपल्याकडे कुलवृत्तांत निघतात ते घराण्यातल्याच एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या चिकाटीवर. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव फिरून वंशावळी सांगतात, तोही वंशपरंपरेने. इंग्लंडमध्ये हे काम तासाच्या हिशेबाने पैसे घेऊन करणारी माणसे आहेत. त्यासाठी परवाना लागत नाही. उद्या मीही दारावर पाटी लावू शकेन. म्हणूनच १९६८ मध्ये या व्यावसायिकांची एक संस्था निघाली. असोसिएशन ऑफ जीनिऑलॉजिस्ट्स अँड रीसर्चर्स इन आर्काइव्ह्ज हे तिचे आजचे लांबलचक नाव. केलेल्या कामाचे नमुने तपासून ती सभासद करून घेते, सभासदांना आचारसंहिता लावते, आणि कोण कोणत्या परगण्यातले काम करतो याची यादी ठेवते.

या यादीपर्यंत पोहोचण्याआधी मामा एकदा फसला, तेही सांगून टाकते. एका दुकानाने आडनावावरून 'घराण्याचे राजचिन्ह' चौकटीत घालून पाठवले. सिंह, ढाल, लॅटिन वाक्य, सगळे काही होते. नंतर कळले की इंग्लंडमध्ये असे चिन्ह आडनावाला मिळतच नाही, ते विशिष्ट व्यक्तीला व तिच्या वंशजांना मिळते. आणि तो अधिकार १४८४ पासून लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे. ती चौकट सध्या मामाच्या माळ्यावर आहे.

आता परगण्याचे महत्त्व. आजोबांचे गाव टॉडमॉर्डन, एवढे आजीला माहीत होते. पेनाइन डोंगरातल्या अरुंद खोऱ्यातले हे कापडगिरण्यांचे गाव. यॉर्कशायर आणि लँकेशायर या दोन परगण्यांची सीमा १८८८ चा कायदा होईपर्यंत गावाच्या मधोमध जात होती. १८७५ मध्ये उघडलेले तिथले नगरभवन तर नदीवरच बांधलेले आहे, म्हणजे इमारत अर्धी या परगण्यात, अर्धी त्या परगण्यात. ऐकायला गंमत वाटते, पण शोधणाऱ्याची यात दैना होते. नदीच्या एका बाजूची वॉल्सडेनसारखी वस्ती लँकेशायरमधल्या रॉचडेल पॅरिशची. दुसऱ्या बाजूचे लँगफील्ड व स्टॅन्सफील्ड हे यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स पॅरिशचे. १८५८ पूर्वी मृत्युपत्रे धर्मपीठाच्या कचेरीत मंजूर होत. त्यामुळे एका काठावरच्या माणसाचे मृत्युपत्र चेस्टरला गेले, ते आज प्रेस्टनच्या दफ्तरखान्यात आहे. आणि समोरच्या काठावरच्या त्याच्या व्याह्याचे यॉर्कला गेले, ते तिथल्या विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत आहे. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी घरे जवळ, आणि कागद दोन शहरांत!

त्यात आडनावांचा घोळ. या खोऱ्यात ग्रीनवुड, सटक्लिफ, क्रॅबट्री अशी मोजकी आडनावे पिढ्यान्‌पिढ्या दाट वसली आहेत, आणि मुलाला आजोबांचे किंवा बापाचे नाव ठेवण्याची रीत. आजीचे माहेरचे आडनाव यांपैकीच एक आहे. ते इथे लिहीत नाही. एकाच नावाचे पाच समवयस्क एका शाळेत असणे तिथे मुळीच नवलाचे नव्हते. ज्याला ही वस्ती, ही शेते, ही प्रार्थनामंदिरे पायाखालची आहेत, त्यालाच त्यांतून वाट काढता येते. यादीतून आम्ही निवडलेल्या बाई त्या खोऱ्यातच राहणाऱ्या होत्या.

पहिल्याच पत्रात बाईंनी विचारले, "तुम्हाला नेमके काय हवे आहे?" मामाने लिहिले होते, "आमच्या घराण्याचा संपूर्ण इतिहास." त्यांनी उलट कळवले की असे काम संपत नाही आणि पैसे मात्र संपतात, एक प्रश्न द्या. मग आम्ही लिहिले: १८९३ मध्ये इगतपुरीस लग्न केलेला हा मनुष्य टॉडमॉर्डनचा कोण, आणि त्या दिवशी तो अविवाहित होता काय? पंधरा तासांचे काम ठरले. दाखल्यांच्या नकलांचा खर्च वेगळा. घरात जे जे आहे त्याची यादी आणि ते कोणाकडून कळले हेही त्यांनी मागवले. "आजी म्हणते" आणि "कागदात आहे" हे दोन वेगळे रकाने करा, ही त्यांची सूचना मला आमच्या संशोधनपद्धतीच्या तासापेक्षा जास्त शिकवून गेली. (सरांनी क्षमा करावी!)

आमच्याकडे खरे म्हणजे एकच वस्तू होती. आजोबांचे बायबल; आतल्या पानावर रविवारच्या शाळेचे बक्षीस म्हणून दिल्याची नोंद, साल १८७६, आणि पुसट झालेला एक शब्द. मामा तो शब्द देणाऱ्याचे आडनाव समजत होता. छायाचित्र पाहताच बाईंनी लिहिले, "हे आडनाव नव्हे. हे मॅनकिनहोल्स." लँगफील्डमधली ती डोंगरउतारावरची वाडी आहे, यॉर्कशायरच्या बाजूची. त्या एका शब्दाने शोधाला दिशा मिळाली.

कागद कोणते, हेही थोडक्यात सांगायला हवे. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. शिरगणती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होते, पण माणसागणिक उपयोगी पडते ती १८४१ पासून. आणि कुटुंबप्रमुखाशी नाते व जन्मगाव कळते ते १८५१ पासूनच. शंभर वर्षे ती बंद असते. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची १९४२ साली आगीत जळाली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. १८३७ च्या मागे जायचे तर चर्चच्या नोंदवह्या, त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. तिथे आणखी एक खड्डा आहे. १७५१ पर्यंत इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे वहीतला फेब्रुवारी १७२० म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१. आणि इकडच्या नोंदी? मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या विवाहांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आजोबांचे लग्न तिथेच सापडले: वराची स्थिती 'अविवाहित', पुढे वराच्या वडिलांचे नाव.

पण कुजबुज खरी असेल तर 'अविवाहित' हे खोटेच लिहिलेले असणार. बाईंनी सरळ पुरावा शोधण्याऐवजी उलटी वाट धरली. त्यांनी त्या संकेतस्थळावरच्या गृहस्थाचा, म्हणजे बायको-मुले असलेल्या माणसाचा, मरेपर्यंत पाठलाग केला. तो वॉल्सडेनचा निघाला, नदीपलीकडचा. बापाचे नाव तेच, वयात एका वर्षाचे अंतर. १८९१ च्या शिरगणतीत तो घरी नव्हता कारण कामासाठी कीथली गावी भाडेकरू म्हणून राहत होता; तिथल्या पानावर 'विवाहित', जन्म लँकेशायर, वॉल्सडेन. १८९६ मध्ये तो आपल्याच घरी वारला, आणि दाखल्यावर खबर देणारी म्हणून बायकोचे नाव आहे. इगतपुरीच्या बोहल्यावर उभा राहिलेला माणूस तो असूच शकत नाही. कोणा हौशी माणसाने दोन नावे सारखी पाहून दोन आयुष्ये एकत्र शिवली होती, आणि त्या शिवणीने आमच्या घरात महिनाभर सुतक पाळले गेले.

मग आमचे आजोबा कोण? १८७१ आणि १८८१ या दोन्ही शिरगणत्यांत मॅनकिनहोल्सजवळच्या एका शेतघरात त्या नावाचा मुलगा आहे; आधी सात वर्षांचा, मग सतरा वर्षांचा, लोहारकामातला उमेदवार. घरमालकाशी नाते: नातू. आईबाप कोणत्याच वेळी घरात नाहीत. १८६४ च्या जन्मदाखल्यात आईचे नाव आणि धंदा आहे, यंत्रमागावरची विणकर. बापाचा रकाना कोरा. लग्नाच्या नोंदीत आजोबांनी वडील म्हणून जे नाव दिले ते आईच्या वडिलांचे होते. असे करणारे पुष्कळ असत, असे बाईंनी लिहिले आहे. चर्चमध्ये सर्वांदेखत रकाना कोरा कोण ठेवणार?

१८६४ हे साल मी वहीत लिहून त्याकडे बराच वेळ पाहत बसले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना, म्हणून त्या खोऱ्यातल्या गिरण्या थंड पडल्या होत्या. त्याच कापसावर मुंबईतले व्यापारी गबर होत होते, आणि इथून गेलेल्या आखूड धाग्याच्या 'सुरती' कापसाला तिथले विणकर शिव्या घालीत होते. त्या पोरीच्या मागावर असेलच काही, तर ते आपल्याकडचे असण्याचा संभव होता. नव्या गरीब-कायद्याप्रमाणे तिला अनाथगृहासारख्या सरकारी 'वर्कहाउस'मध्ये जावे लागले असते. पण टॉडमॉर्डनने, गिरणीमालक जॉन फील्डन यांच्या पुढाकाराने, त्या कायद्याला असा विरोध केला की तिथे पुढे कित्येक वर्षे वर्कहाउस बांधलेच गेले नाही.

एवढ्यावरही बाई 'अत्यंत संभवनीय' याच शब्दांपाशी थांबल्या होत्या. 'सिद्ध' म्हणायला त्या तयार नव्हत्या. चौदाव्या तासाला त्या शेतघराच्या मालकाचे १८८८ चे मृत्युपत्र हाती आले. त्यात पाच पौंड आणि भिंतीवरचे घड्याळ 'माझ्या मुलीचा मुलगा, जो सध्या हिंदुस्थानात रेल्वेत आहे' त्याला ठेवले आहे. तेव्हा कुठे त्यांनी तो शब्द लिहिला.

अहवाल अकरा पानांचा आला. त्यातली चार पाने कुठे कुठे पाहिले आणि काय सापडले नाही याची आहेत. मामाला त्या पानांचे पैसे फुकट गेल्यासारखे वाटले. मला विचाराल तर तीच पाने सर्वांत मोलाची. पुढचा शोधणारा त्याच कपाटांशी पुन्हा डोके फोडणार नाही. मागच्या पिढ्यांत त्यांनी साधारण १७७० पर्यंत बोट धरून नेले आणि तिथे एकाच नावाचे चौघे उभे दिसताच थांबल्या. तिघांना वगळता येत नाही तोवर चौथ्याला पूर्वज म्हणू नये, एवढेच एक वाक्य तिथे आहे.

अहवाल मी आजीला मराठीत वाचून दाखवला. लग्न खरे होते हे ऐकून ती नुसती "हं" म्हणाली. जणू तिला ते माहीतच होते. कोऱ्या रकान्याचे मामा वगळायला सांगत होता. मी वगळले नाही. आजी थोडा वेळ बायबलच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवीत राहिली.

मग म्हणाली, "पोराला ठेवून ती गेली कुठे? त्याची आई?"

मी सांगितले की तो वेगळा प्रश्न आहे, त्याला वेगळे तास लागतील. तिने उशीखालची पुरचुंडी काढून मामापुढे सरकवली. मामाने ती अर्थातच घेतली नाही, पण पत्र त्याच रात्री लिहिले. या वेळी आठ तास ठरले आहेत.