अपघात झालेली जुनी मोटारसायकल घ्यावी कीं नाहीं?

वसईच्या किनारपट्टीवरील राजोडी, कळंब, अर्नाळा या गांवांतील बागाइतदारास मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. पहाटे काढलेली भाजी व फुलें विरार अगर नालासोपारा स्टेशनावर वेळेवर पोंचवावयाचीं, परततांना खताची गोणी आणावयाची, हीं कामें तिच्यावर होतात. नव्या गाडीइतका पैसा एकदम हातीं नसला म्हणजे जुनी, त्यांतही अपघातामुळें स्वस्त झालेली गाडी घेण्याकडे मन वळतें. अशी खरेदी सर्वस्वी वर्ज्य नव्हे. परंतु कोणती इजा पत्करण्याजोगी व कोणती नाहीं, हें ओळखल्यावांचून पैसे देऊं नयेत.

बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खांदा चांचपतों, त्यास चालवून पाहतों. शिंगांच्या रंगावरून किंमत ठरवीत नाहीं. मोटारसायकलीसही हाच न्याय लावावा.

इजेचे दोन वर्ग.— आरसा, दिवा, मडगार्ड, पायदान, हँडल हे बोल्टांनीं बसविलेले भाग होत. ते बदलतां येतात व त्यांचा खर्च आधीं मोजतां येतो. दुसरा वर्ग सांगाड्याचा, म्हणजे चासीचा. ज्या नळींत हँडलचा दांडा फिरतो तिचें मुख व तेथून खालीं उतरणारी नळी समोरचा धक्का सोसतात. वांकलेली चासी ठोकून सरळ दिसते, पण त्या लोखंडाचा पूर्वीइतका भरंवसा धरतां येत नाहीं. मागें भाजीच्या पाट्या बांधून खड्ड्यांतून जातांना तेथेंच चीर पडण्याचें भय असतें. अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊं नये.

परीक्षा.— गाडी दिवसाउजेडीं, स्वच्छ पुसून, मधल्या स्टँडवर उभी करून पाहावी. हँडलच्या मुखाशीं रंगाला बारीक चिरा, सुरकुत्या किंवा नवें वेल्डिंग दिसल्यास तेथेंच थांबावें. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस लावून दोन दोऱ्या पुढच्या चाकापर्यंत सरळ ताणाव्या. हँडल सरळ असतां पुढचें चाक दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मध्यें आलें पाहिजे. पुढचें चाक उचलून हँडल दोन्हीकडे फिरवावें. अडखळल्यास कोनसेट बिघडला आहे असें समजावें. फोर्काच्या दोन्ही नळ्या समांतर आहेत ना, हें समोरून व बाजूनें पाहावें. मग मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवून ती एका बाजूस ओढते काय, हें अनुभवावें. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यानें खरचटलेल्या जागीं गंज लवकर धरतो, म्हणून खालचा भागही वांकून पाहावा.

कागदपत्र.— सातबारा न पाहतां कोणी जमीन घेत नाहीं; तसेंच गाडीचें नोंदणीपुस्तक पाहून चासी व इंजिनावरचे क्रमांक त्याशीं ताडावे. बँकेचा बोजा असल्यास तो उतरविल्याचा दाखला मागावा. पूर्ण विमा असल्यास दावा न केल्याबद्दलची सूट कोणत्या वर्षीं बंद झाली तें पाहावें; बहुधा त्याच्या आदल्या विमावर्षीं अपघात घडलेला असतो. दुरुस्तीचा खर्च विमाकृत मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानींत धरते. अशा मोडक्या गाड्यांपैकीं कांहीं रंगरंगोटी होऊन पुन्हा बाजारांत येतात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत मालकीबदल परिवहन कार्यालयास कळवावा लागतो. नमुना २९ व ३० वर सह्या घेतल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा मालकीबरोबर जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाहीं, तो विमा कंपनीकडून आपल्या नांवें करून घ्यावा.

विकणाऱ्यासही यांत मोठी जोखीम आहे. अनेक हातांतून गेलेल्या, पण नोंद न बदललेल्या एका मोटारीच्या खटल्यांत ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नोंदणीकृत मालकासच जबाबदार धरलें. गाडीचा विमा नसेल, तर न्यायाधिकरणानें ठरविलेली भरपाई जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होऊं शकते. म्हणजे दुसऱ्यानें केलेला अपघात आपल्या वाडीवर येऊन आदळावयाचा.

हिशेब.— समजा, निर्दोष गाडी ४५,००० रुपयांस मिळते व तशीच अपघात झालेली ३०,००० रुपयांस. दुरुस्ती १०,००० व नांवबदल-विमा ३,००० धरल्यास ती ४३,००० रुपयांस पडली. दोन हजारांच्या बचतीसाठीं कोणी जोखीम पत्करूं नये. दुरुस्तीचा अंदाज विकणाऱ्याकडून न घेतां आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून घ्यावा, आणि त्या अंदाजांत चासीचें नांव निघाल्यास किंमतीची बोलणीच करूं नयेत.